कॉम्प्युटर बंद आहे, कारण...

वीज गेली, आली, पुन्हा गेली. परत आली तेव्हा संगणक केंद्राच्या काचेच्या खोलीतून पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला, आणि त्रिशला चौगुले हातातला चहा तसाच टाकून आत धावली. तिनं आधी यंत्राचा खटका पाडला, मग श्वास घेतला. आवाज थांबला. पण तो कशाचा होता हे तिला कळून चुकलं होतं.

१९८४ सालचा मे महिना संपत आला होता. करवीर विद्यापीठाचं संगणक केंद्र म्हणजे कोल्हापूरबाहेरच्या माळावरची एक बसकी इमारत. आत कपाटाएवढाली यंत्रं, चपला बाहेर काढायची शिस्त आणि अख्ख्या गावाला हेवा वाटावा असा गारवा. केंद्राचे प्रमुख आजारपणाच्या रजेवर होते, म्हणून कारभार त्रिशलाच्या अंगावर आला होता. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याची ही मुलगी. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेली, अजून तिशीही न गाठलेली, बोलायला जरा तुटक. विद्यापीठाचे सगळे निकाल तिच्या यंत्रावर तयार होत. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचे मार्क चढवायचं काम त्याच आठवड्यात उरकत आलं होतं, आणि ते मार्क ज्या तबकड्यांवर होते त्याच आता खरवडून निघाल्या होत्या.

बाकीच्या परीक्षांची चिंता नव्हती. त्यांची नक्कल शनिवारीच टेपवर काढून ठेवलेली होती. बी.कॉम. मात्र शनिवारनंतर चढवलेलं. म्हणजे ते गेलं.

परीक्षा नियंत्रक त्र्यंबक इनामदार यांना हे सांगायला ती गेली तेव्हा ते कोट घालून पंख्याखाली बसले होते. मे महिन्यातही कोट उतरवायचा नाही, असा त्यांचा बाणा. माणूस सरळ होता, पण मागच्या वर्षी निकाल लांबला तेव्हा पोरांनी त्यांच्या खोलीच्या काचा फोडल्या होत्या. ती धास्ती त्यांच्या मनातून गेली नव्हती.

"मूळ गुणपत्रकं?" त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"तुमच्याच कपाटात आहेत, सर. एकही मार्क हरवलेला नाही. फक्त पुन्हा चढवायला लागतील. आणि आधी यंत्र दुरुस्त व्हायला लागेल. मुंबईहून इंजिनिअर निघालाय."

इनामदारांनी हुश्श केलं, आणि लगेच कागद ओढून लिहायला घेतलं. 'अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव बी.कॉम.चा निकाल लांबणीवर टाकण्यात येत आहे.' तासाभरात तो कागद फाटकावर लागला.

"सर, एवढंच?" त्रिशलानं विचारलं. "काय झालं, कधी सुरू होईल, काहीच नाही त्यात."

"चौगुले बाई, लोकांना यातलं काय कळणार? डिस्क म्हणजे काय, टेप म्हणजे काय? जितकं सांगाल तितके फाटे फुटतील. आपण गप्प राहायचं, काम करायचं."

ती केंद्रात परतली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सिटी बसमध्ये तिच्या मागच्या बाकावर दोन बाया बोलत होत्या. कॉम्प्युटरनं मार्क खाल्ले म्हणे. दुसरी म्हणाली, खाल्ले कसले, कुणा बड्याची पोरं नापास झाली असतील, ती पास करून घ्यायला बंद ठेवलंय. त्रिशलाचे कान तापले. वळून सांगावंसं वाटलं, पण बसमधल्या दोघींनाच सांगून काय होणार होतं?

दुपारपर्यंत फाटकापाशी गर्दी जमली. कुरुंदवाडपासून वारणानगरपर्यंतची पोरं, त्यांचे बाप, काही आया. बँकांच्या जागा निघालेल्या, पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरायचे, आणि सगळं त्या एका निकालावर अडलेलं. पुढं उभा होता हंबीरराव. तालमीत घुमणारा गडी, कान मोडलेले, मान खांद्यात बसलेली, आणि बी.कॉम.च्या पोरांचा पुढारी.

"मार्क कुठं गेल्यात ते सांगा!" तो गरजत होता. "कारण हाय म्हणतासा, तर कारण सांगा की! नुसतं तांत्रिक तांत्रिक काय लावलंय?"

इनामदारांनी खिडकीतून बघितलं आणि फोनकडं हात नेला. "पोलीस बोलवायला हवेत."

"सर, तो बरोबर विचारतोय," त्रिशला म्हणाली.

"काय?"

"कारण आहे म्हणून आपणच लिहिलंय. तो कारण विचारतोय. चला, सांगू या. तुम्ही बोला, मी शेजारी उभी राहते."

इनामदारांचा हात फोनवरच राहिला. "मी जाणार नाही. आणि तुम्ही गेलात तर जे होईल त्याला तुम्ही जबाबदार."

"बरं," ती म्हणाली.

ती आधी केंद्रात गेली. शिपाई पिराजीच्या मदतीनं तिनं खराब झालेला डिस्क पॅक बाहेर काढला. जेवणाच्या ताटाएवढ्या तबकड्या एकावर एक रचलेल्या, वर पारदर्शक झाकण. केकचा डबा न्यावा तसा तो दोन्ही हातांनी धरून ती फाटकाकडं चालू लागली. कॉलेजात वादविवाद स्पर्धेला नाव द्यायचीसुद्धा तिला कधी हिंमत झाली नव्हती.

फाटकाजवळच्या कट्ट्यावर ती चढली. गलका थांबला, पण तिच्या धीरानं नव्हे, हातातल्या वस्तूमुळं. असलं काही कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"माझं नाव त्रिशला चौगुले. कॉम्प्युटर सध्या माझ्या ताब्यात आहे," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला. मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत न्हाय!" तिनं पुन्हा, सगळा दम लावून सांगितलं. "कॉम्प्युटर बंद आहे, कारण तो मोडलाय. कुठं मोडलाय ते दाखवायला हे आणलंय."

तिनं झाकण काढलं.

"घरी रेकॉर्ड वाजवता ना? तशाच या तबकड्या. मार्क यांच्यावर उमटतात. फरक एवढाच, की रेकॉर्डवर सुई टेकते, इथं सुई टेकत नाही. केसाहूनही कमी अंतरावर तरंगते. काल वीज गेली-आली, तशी ती आदळली. हा चरा बघा. तांबूस थर निघून खालचं ॲल्युमिनियम दिसतंय."

हंबीरराव पुढं सरकला. वाकून, डोळे बारीक करून त्यानं तबकडीवरचा चकचकीत चरा पाहिला.

"म्हणजे आमचं मार्क ह्याच्यावर हुतं?"

"मार्कांची नक्कल होती. तुमचे खरे मार्क परीक्षकांनी हातानं लिहून, सह्या करून दिलेत. ते कागद कुलपात आहेत. ते धडधाकट आहेत."

"मग ह्येची दुसरी नक्कल का न्हाई काढली?" गर्दीतून एका बापानं विचारलं.

त्रिशलाला इथं गोल उत्तर देता आलं असतं. "काढत होतो, पण आठवड्यातून एकदाच. टेपा कमी आहेत म्हणून. ते चुकलं. इथून पुढं रोज निघेल."

गर्दीत चुळबुळ झाली. असं उत्तर येईल अशी तयारी कुणाचीच नव्हती. शिव्या द्यायला जमलेल्या माणसाच्या तोंडातली शिवी अडकावी तसं झालं.

"रांग करा रं!" हंबीररावच ओरडला. "सगळ्यास्नी बघू द्या. धक्काबुक्की केली तर गाठ माझ्याशी हाय!"

आणि खरोखर रांग लागली. माणसं एकेक करून पुढं येत, तबकडी बघत, काही न बोलता किंवा काहीतरी पुटपुटत पुढं जात. डोक्यावर पदर ओढलेल्या एका म्हातारीनं तर तबकडीला नमस्कार केला. त्रिशलाचे हात भरून आले तेव्हा हंबीररावानं पॅक आपल्या हातात घेतला आणि शेवटच्या माणसापर्यंत धरून ठेवला.

त्या संध्याकाळी फाटकावरचा इनामदारांचा कागद खाली आला आणि तिथं पिराजीनं वर्गातला एक फळा आणून टेकवला. त्यावर त्रिशलानं लिहिलं: 'कॉम्प्युटर बंद आहे, कारण डिस्कची सुई आदळली. मुंबईचा इंजिनिअर उद्या येतो. सुटे भाग बसले की मार्क पुन्हा चढवू. रोज दुपारी आणि संध्याकाळी इथं नवी खबर लिहिली जाईल, चांगली असो की वाईट.'

इंजिनिअर आला. डिसिल्व्हा नावाचा, गप्प स्वभावाचा माणूस. त्यानं नव्या सुया बसवल्या, नवा पॅक चढवला, यंत्र गुरगुरायला लागलं. त्रिशलानं फळ्यावर 'दुरुस्ती झाली, संध्याकाळी काम सुरू' असं लिहिलंही. फाटकापाशी टाळ्या पडल्या. आणि संध्याकाळ व्हायच्या आत आतल्या एका सर्किट कार्डातून धूर निघाला. विजेच्या त्या झटक्यानं तेही आतून अर्धमेलं झालं होतं, ते आता पुरतं गेलं. नवं कार्ड मुंबईलासुद्धा नव्हतं. मद्रासहून मागवायला लागणार होतं.

डिसिल्व्हा खुर्चीत बसला आणि त्यानं कपाळ धरलं. इनामदार दारातच उभे होते.

"आज काही लिहू नका, बाई," ते म्हणाले. या खेपेला आवाजात हुकूम नव्हता, विनवणी होती. "लोक शांत आहेत. उद्या बघू."

त्रिशलालाही तेच हवं होतं. दुपारचे शब्द फळ्यावर तसेच होते, आणि ते पुसायला जाताना आपलंच तोंड पुसल्यासारखं वाटणार होतं. पण चांगली असो की वाईट, हे तिनंच लिहिलं होतं.

"आज नाही लिहिलं तर उद्याचं कोण खरं मानेल, सर?" ती म्हणाली आणि खडू घेऊन निघाली.

ती फळ्यावर लिहीत होती तेव्हा मागं माणसं एकेक अक्षर वाचत होती. लिहून वळली आणि गलका उठला.

"दुपारी हुईल म्हनलासा की!"

"म्हणाले होते. झालं नाही. दुसरा भाग जळला. तो मद्रासहून येणार. किती दिवस लागतील ते अजून माहीत नाही, कळलं की लिहीन."

"मद्रास!" कुणीतरी कपाळावर हात मारला. एक पोरगा मटकन खाली बसला. त्याची बँकेच्या अर्जाची मुदत जवळ आली होती.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक ठसठशीत बाई पुढं आली. काष्टा नाही, पण चाल काष्टा नेसल्यासारखी. रत्नाबाई मगदूम. महाद्वार रोडवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता, आणि निम्म्या कोल्हापूरच्या कचेऱ्यांतल्या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्यांची थोरली मुलगी याच निकालाची वाट बघत होती. मूळच्या त्या सीमेपलीकडच्या, त्यामुळं वयानं लहान बाईला हाक मारताना त्यांच्या तोंडी धाकट्या बहिणीसाठीचं कानडी 'तंगी' यायचं.

"तंगी, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मशीन बंद हाय, ते समजलं. खरं, मार्क टायपायला ते मशीनच लागतंय व्हय? दुसऱ्या कशावर टायपून ठेवलं, आणि मशीन उठलं की त्येच्या तोंडात घातलं, तर न्हाय चालत?"

त्रिशला तोंड उघडून 'नाही' म्हणणार होती. आणि तिला गोदाम आठवलं.

विद्यापीठात पूर्वी मार्क पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून चढवत. ती भोकं पाडणारी यंत्रं टंकलेखन यंत्रासारखीच, खाली लोखंडी बूड असलेली. टाइप करायला टीव्हीसारखे नवीन पडदे आले तशी ती गोदामात गेली. पण कार्डं वाचणारं यंत्र अजून कॉम्प्युटरला जोडलेलंच होतं, आणि गोदामात कोऱ्या कार्डांच्या थप्प्याही होत्या.

"चालतं," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "चालतं की!"

"मग माझ्या क्लासच्या पोरी हायत," रत्नाबाई म्हणाल्या. "डोळं झाकून आकडं टायपतील."

इनामदारांना हे पटायला वेळ लागला. बाहेरच्या मुलींच्या हातात गुणपत्रकं? त्रिशलानं त्यांना समोर बसवून, घाई न करता सांगितलं. कागदावर नाव नसतं, फक्त बैठक क्रमांक असतो. एक मुलगी कार्ड पाडेल, दुसरी तेच आकडे तपासणीच्या यंत्रावर पुन्हा टायपेल. कुठं फरक पडला तर यंत्र अडून बसेल. दोघींची तीच चूक त्याच जागी होणं जवळजवळ अशक्य. इनामदारांनी सगळं ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि मग म्हणाले, "हे असं मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं." ते कुलगुरूंकडं स्वतः गेले आणि परवानगी घेऊन आले.

गोदामातली यंत्रं वजनानं म्हशीसारखी. ती उचलायला हंबीरराव तालमीतले गडी घेऊन आला. लंगोटाच्या गाठी मारणाऱ्या त्या हातांनी नववधूला उतरवावं तशी यंत्रं वर्गात आणून ठेवली. डिसिल्व्हानं शर्टाच्या बाह्या सारल्या, तेल घातलं, पट्टे बदलले. काही यंत्रं काही केल्या हलेनात. जी हलली तेवढी पुरली. मग हंबीररावानं दाराबाहेर खुर्ची टाकली.

"कुणाला आत सोडायचं नाही," त्रिशलानं सांगितलं. "बी.कॉम.च्या कुणालाही नाही. तुम्हालाही."

"मला तर अजाबात सोडू नगा," तो म्हणाला. "अकौंटचा पेपर माझा मलाच ठाव हाय."

रत्नाबाईंच्या पोरी आल्या. दोन वेण्या घातलेल्या, पावडर लावलेल्या, आधी विद्यापीठाच्या दगडी भिंती बघून बुजलेल्या. पहिल्या तासाभरात निम्मी कार्डं वाया गेली. मग बोटांना लय सापडली, आणि तो वर्ग पाऊस पत्र्यावर पडावा तसा वाजायला लागला. रत्नाबाई मधून फिरायच्या. "पाठ ताठ! बोटं बघू नगंस, कागद बघ!" कुणी तपासणीत अडलं की यंत्र टक करून थांबायचं आणि सगळ्या हसायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशला आत आली तर एका बाकावर इनामदार बसलेले. कोट खुर्चीच्या पाठीवर. अडलेली कार्डं मूळ कागदाशी ताडून पाहत होते.

फळ्यावर रोज दोनदा खबर जात होती. 'राजारामपुरीतल्या कॉलेजांची कार्डं झाली.' 'मद्रासहून जळालेल्या भागाचा बदली भाग निघाला.' 'भाग पुण्यापर्यंत आला, पण तिथं कोल्हापूरची गाडी चुकली.' त्या वाईट खबरीवर कुणी ओरडलं नाही. उलट एकजण म्हणाला, "पुण्याला माझा मेव्हणा रेल्वेत हाय, फोन लावतो." आणि त्यानं लावला. दुसऱ्या दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या गार्डाच्या डब्यातून ते पार्सल कोल्हापुरात उतरलं, तेव्हा स्टेशनवर त्याला घ्यायला एखाद्या पुढाऱ्याला असावीत तेवढी माणसं होती.

डिसिल्व्हानं मद्रासचं सर्किट कार्ड बसवलं. पंखे फिरले, दिवे लागले, सुया अलगद तबकड्यांवर उतरल्या आणि तरंगल्या. त्रिशलानं भोकं पाडलेल्या कार्डांचा पहिला गठ्ठा वाचणाऱ्या यंत्रावर ठेवला. पत्त्यांचा कॅट पिसावा तशी कार्डं फर्रकन आत गेली. मग दुसरा गठ्ठा, तिसरा. काचेबाहेर रत्नाबाई, त्यांच्या सगळ्या पोरी आणि इनामदार एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. शेवटी यंत्रानं विद्यार्थ्यांची बेरीज छापली. इनामदारांनी खिशातून हजेरीचा आकडा काढला. ओठ हलवत त्यांनी दोन्ही आकडे वाचले, पुन्हा वाचले.

"जुळला," ते म्हणाले, आणि त्यांनी कागद उंच धरला. "बाई, जुळला!"

पोरींनी असा कल्ला केला की शेजारच्या इमारतीतले प्राध्यापक बाहेर आले. डिसिल्व्हानं, ज्याला इतक्या दिवसांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं, शीळ घातली.

फळ्यावर निकालाची जी तारीख लिहिली होती, त्याच दिवशी तो लागला. सकाळी, भर उजेडात. छापील कागद भिंतीवर चिकटत होते तसतशी माणसं त्यांना भिडत होती. किंकाळ्या, मिठ्या, रडणं. रत्नाबाईंची थोरली पहिल्या वर्गात आली होती. त्या तिची वेणी पुन्हा पुन्हा सारखी करत राहिल्या.

हंबीरराव बराच वेळ एका कागदासमोर उभा होता. त्रिशला कट्ट्यावरून त्याच्याकडं बघत होती. तो वळला, कट्ट्यावर चढला, आणि गर्दी आपोआप गप्प झाली.

"मी अकौंटात गेलो," त्यानं जाहीर केलं.

कुणी हसलं नाही. मागून एकजण चढ्या आवाजात म्हणाला, "दाजी, रीचेकिंग मागू या. मशीन मोडलंच हुतं की!"

"गप बस!" हंबीरराव कडाडला. "मशीन मोडलं तवा ह्या बाईंनी मोडलं म्हणून सांगितलं. जळलं तवा जळलं म्हणून सांगितलं. आता बरोबर हाय म्हणत्यात, तर ते बरोबरच हाय. मार्क माझंच हायत. मी पेपर लिवलाय, मला म्हाईत न्हाय व्हय? आक्टोबरला बसतो आणि पास हुतो. आता गुलाल कुठाय?"

गुलाल होताच. पोरांनी पोत्यानं आणला होता. हलगी कडाडली आणि लोंढा संगणक केंद्राकडं वळला. डिसिल्व्हा काचेमागून दोन्ही हात हलवत काहीतरी ओरडत होता. त्रिशला कट्ट्यावरून उडी मारून धावली आणि केंद्राच्या दारात हात पसरून उभी राहिली.

"आत नाही!" ती ओरडली. या वेळी आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचला. "गुलालाचा एक कण आत गेला, तर पुन्हा पहिल्यापासून!"

गर्दी जागच्या जागी थांबली.

"मग?" हंबीररावानं विचारलं. दोन्ही मुठी लाल, हात वर तसेच.

त्रिशलानं दार मागून ओढून घट्ट लावलं. कडी घातली. ओढून पाहिली. मग पायऱ्या उतरून ती अंगणात आली, चष्मा काढून पिराजीच्या हातात दिला आणि पोरींच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

"आता टाका," ती म्हणाली.